६२ हजारांचा कंप्रेसर आणि पुराची एफडी

दादा, मेसेज दोनदा वाचला तुमचा. कुपवाडच्या ज्या युनिटमध्ये २२ वर्षं काढली ते बंद होतंय, तिथला साडेसात एचपीचा जुना टू-स्टेज कंप्रेसर (हवा दोन टप्प्यांत दाबणारं मशीन) मालक ६२ हजारांना द्यायला तयार आहेत, आणि तो सांगलीवाडीत घरामागच्या शेडात बसवून रिटायर झाल्यावर ग्रिल-गेटचं सँडब्लास्टिंग (हवेच्या जोरानं वाळू मारून गंज काढणं) नि स्प्रे पेंटिंग करायचं, त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडू का असं विचारलंय.

एफडी मोडू नका, हे आधीच सांगतो. तुम्हीच लिहिलंय की २०१९ ला घरात पाच फूट पाणी होतं आणि २०२१ ला परत सामान वर चढवायला लागलं. तुमच्या घरासाठी ती एफडी म्हणजे पुराचे पैसे आहेत, दुसरं काही नाही. आणि ज्या शेडात पाणी येतंय तिथंच साडेतीनशे किलोचं धूड बोल्टनं जमिनीला आवळायचं म्हणताय! लहान कंप्रेसर दोघं मिळून माळ्यावर नेतील, हा कुठं नेणार? एकदा मोटर पाण्यात गेली की रिवाइंडिंगचा खर्च पहिल्यापासून.

बरं, ६२ हजार ही खरी किंमत नाहीच. तुमच्याच आकड्यांनी बेरीज केली मी, ६२ मध्ये हे मिळवा, सगळं हजारांत: टेम्पो आणि हायड्रा क्रेन ६, मोटर रिवाइंडिंग ९, व्हॉल्व्ह प्लेट-रिंगा-गॅस्केट ११, थ्री फेज आणि स्टार्टर २२, फाउंडेशन ८, म्हणजे १ लाख १८ हजार. एवढं करून हवा साठवायच्या टाकीचा भरवसा नाही तो नाहीच.

टाकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण जुन्या कंप्रेसरचा ब्लॉक, म्हणजे हवा दाबणारा भाग, ओतीव लोखंडाचा असतोय, तो सहसा लय टिकतो, रिंगा-व्हॉल्व्ह बदलले की परत उभा राहतो, पण टाकी पत्र्याची, आणि हवा दाबली की त्यातलं पाणी तळाला साचतं, रोज ड्रेन केलं नसेल तर पत्रा आतून गंजत जातो आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, केल्याशिवाय ती घरात आणू नका. साधारण वर्किंग प्रेशरच्या दीडपट, म्हणजे १० बारची असेल तर १५ बारला, आणि तेही पाणी भरूनच, हवा भरून नव्हे, कारण पाणी फुटलं तर गळतं, हवा फुटली तर पत्रा उडतो. शेडाला लागूनच नातवंडं खेळतात म्हणालात ना.

पण तुमचं सगळंच चूक आहे असं अजिबात नाही. बाजारातला दोन एचपीचा घेतला तर ७-८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा मिळते, पेंटिंगची गन कशीबशी चालेल, ब्लास्टिंग विसरा. एचपीला ढोबळ चार सीएफएम धरा, या हिशोबानं जुना साडेसातचा तीसच्या आसपास देतो. म्हणजे मोठा कंप्रेसर हवाय हे खरंय, एवढा हवाय का हा प्रश्न आहे. मोटरची पुली लहान केली की स्पीड उतरतो, हवा आणि लोड दोन्ही त्याच प्रमाणात उतरतात, त्यामुळं याच ब्लॉकवर पाच एचपीची मोटर चालेल का ते मेकॅनिकला विचारा (फार हळू फिरला तर आत तेल उडत नाही, ते त्यालाच ठरवू दे). वीस सीएफएम मिळाली तरी तुमचं काम निघेल.

लाईट बिलाचं सांगायचं तर साडेसात एचपी फुल लोडवर तासाला सहा-साडेसहा युनिट खातो, आणि ही युनिटं तुमच्या घरगुती बिलात सगळ्यात वरच्या स्लॅबात पडतात, ॲव्हरेज दरानं हिशोब करू नका. शिवाय गिऱ्हाईकाचं काम घरगुती मीटरवर केलं आणि महावितरणनं पकडलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. धंदा करायचा तर वेगळं कनेक्शन, हा खर्च तुमच्या यादीत नाहीच.

आता किमतीचं. मालक युनिट रिकामं करतायत, तुम्ही नाही घेतला तर तो भंगारातच जाणार, किलोला तिशीचा भाव धरला तर साडेतीनशे किलोचे साडेदहा हजार. मधले पन्नास हजार तुमच्या २२ वर्षांच्या मायेचे लावलेत त्यांनी. (माया मलाही कळते, सासऱ्यांची जुनी राजदूत मोटरसायकल अजून आमच्या दारात उभीय, चालत नाही.)

म्हणून माझं म्हणणं, टाकी त्यांनाच राहू दे, फक्त ब्लॉक आणि मोटर मागा, २० हजारांपासून सुरू करा आणि २८ च्या वर जाऊ नका. पैसे ऑक्टोबरमध्ये मॅच्युअर होणाऱ्या ४० हजारांच्या आरडीतून, तोवर मालकांना दोन हजार टोकन द्या. नवी टाकी, वेगळं कनेक्शन हे सगळं पुढं सावकाश, घाई कशाची, रिटायरमेंटला अजून तीन वर्षं आहेत. आणि शेड सांगलीवाडीत नको, भावाची माधवनगरची जागा रिकामी आहे म्हणालात तिथं बघा, भाडं द्यावं लागलं तरी द्या.

शनिवारी जाल तेव्हा मेकॅनिकला घेऊन जा, ब्लॉकचं हेड उघडून सिलेंडरवर बोट फिरवायला लावा, ओरखडे लागले तर २८ चे १५ करा. मोटरची नेमप्लेट आणि हेडच्या आतला फोटो पाठवा मला.