वाट चुकलेल्या पोरांसाठी गट सुरू करताय?
भाऊ, पहिल्याच वर्षी वसतिगृहाच्या नादी लागू नका. निराधार, अडचणीतली १८ वर्षांखालची मुलं ठेवायची तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी लागते. संध्याकाळचे दोन तास पुरे. बारा-पंधरा पोरं, दोन मोठी माणसं. त्यातलं एक कायम तेच, नाहीतर पोरं पुन्हा टपरीवर.

गट जूनमध्येच बांधा. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात आणि आजीजवळ राहिलेलं पोरगं बहुतेक तेव्हाच बिघडतं. निम्मा पैसा ऑक्टोबर ते मार्चसाठी राखा. भाषणं नकोत (ती त्यांनी भरपूर ऐकलीत), मोटार रिवाइंडिंग शिकवा. मारहाण कळली तर गावात मिटवू नका, १०९८ (मुलांची हेल्पलाइन) लावा. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.