भाचीच्या उपचारांसाठी पैसे उभे करणाऱ्या मामास

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे अहवाल काळजीपूर्वक वाचले. साडेतीन वर्षांच्या भाचीला न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा, मज्जातंतूंच्या अपक्व पेशींचा कर्करोग), तोही अतिजोखमीच्या गटातला, असे निदान झाल्यावर घराचे काय होते हे मी वैद्यकीय समाजसेवेच्या नोकरीत जवळून पाहिले आहे. पैशांची जबाबदारी तू अंगावर घेतलीस हे फार चांगले केलेस, कारण आईवडिलांनी मुलीजवळ राहावे आणि धावपळ दुसऱ्या कोणीतरी करावी, अशी वाटणी ज्या घरात होते ते घर दीर्घ उपचारांत टिकाव धरते. मात्र येत्या रविवारीच आवाहन प्रसिद्ध करण्याचा तुझा विचार मला घाईचा वाटतो. मसुद्यात तू दोन कोटींचा आकडा लिहिला आहेस. तो कशाचा, हे मला कळले नाही, आणि ज्यांच्यापुढे तू हात पसरणार आहेस त्यांनाही कळणार नाही.

म्हणून आधी मुलीच्या डॉक्टरांची सविस्तर भेट मागून घे आणि त्यांच्याकडून लेखी घे की उपचारांचा कोणता टप्पा भारतात होऊ शकत नाही, तो केव्हा येणार आहे आणि परदेशी गेल्याने मुलीला नेमका काय लाभ अपेक्षित आहे. या आजारात आधी केमो, मग शस्त्रक्रिया, त्यानंतर मोठ्या मात्रेची केमो देऊन मुलीच्याच साठवलेल्या मूळपेशी परत देणे, पुढे रेडिएशन आणि अखेरीस इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाच्या पेशींवर सोडणारे औषध, असा सर्वसाधारण क्रम असतो. यातले बहुतेक सारे आपल्याकडे होते. तिची केमो परळला सुरू झालीच आहे, तेव्हा पैसे जमवण्यासाठी काही महिन्यांचा अवधी हाताशी आहे. परदेशाच्या आशेने इथली केमोची एकही तारीख चुकता कामा नये, हे मात्र बहिणीला आणि मेहुण्यांना निक्षून सांग.

खरी अडचण येते ती इम्युनोथेरपीच्या टप्प्यावर. डायन्युटक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली आणि त्याच्याच डायन्युटक्सिमॅब बीटा या प्रकाराला युरोपात २०१७ साली. हे औषध अतिशय महाग आहे आणि घरात 'अमेरिकेला न्यावे लागेल' असे जे बोलले जाते त्याचे मूळ बहुधा इथेच आहे. पण औषध परदेशातले आहे म्हणून मुलीलाही तिकडे न्यावे लागेलच असे नाही. आपल्याकडे उपलब्ध नसलेले औषध एखाद्या रुग्णाच्या वैयक्तिक वापरासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अर्ज करून आणि परवाना घेऊन मागवता येते. त्या अर्जाला बारा-ए आणि परवान्याला बारा-बी नमुना म्हणतात. २०२३ साली एका दांपत्याने आपल्या तान्ह्या मुलीसाठी बचत आणि लोकवर्गणी मिळून सुमारे ६५ लाखांचे हेच औषध मागवले, आणि ते मुंबई विमानतळावर सीमाशुल्काच्या दारात अडकले, कारण सुमारे सात लाखांचा जीएसटी भरायला त्यांच्याजवळ काहीच उरले नव्हते. खासदार शशी थरूर यांनी अर्थमंत्र्यांकडे पाठपुरावा केला तेव्हा करमाफी मिळून औषध सुटले. त्याच वर्षी जुलैमध्ये जीएसटी परिषदेने वैयक्तिक वापरासाठी आयात होणाऱ्या डायन्युटक्सिमॅबवरील कर माफ केला. त्या दांपत्याला जे अडले ते तुला अडू नये, म्हणून औषध मागवायचे ठरल्यास माफीची कागदपत्रे खेप निघण्याआधी तयार ठेव.

हे औषध देताना मुलांना तीव्र वेदना होतात, मॉर्फिन चालू ठेवावे लागते आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे आपल्याकडच्या कोणत्या रुग्णालयाला त्याचा अनुभव आहे, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचार. उत्तर समाधानकारक असेल तर तुझ्या दोन कोटींतून विमानाची तिकिटे, परक्या शहरातले घरभाडे आणि तिकडच्या खाटेचा खर्च वजा होईल, आणि मुलगी तिला ओळखणाऱ्या परिचारिकांच्या हाती राहील. मला हा मार्ग आधी तपासून पाहावासा वाटतो.

परदेशी जावेच लागेल अशी स्थितीही येऊ शकते. आजार हाडांत किंवा अस्थिमज्जेत चिवटपणे उरला किंवा उलटला, तर नॅक्सिटॅमॅबसारखे औषध सुचवले जाते. त्याला अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली असून न्यूयॉर्कचे मेमोरियल स्लोन केटरिंग आणि बार्सिलोनाचे सांत जोआन दे देऊ ही रुग्णालये या कामासाठी ओळखली जातात. तिथे नव्या औषधाच्या एखाद्या चाचणीत मुलीला घेण्याची गोष्ट निघाली तर त्या चाचणीत परदेशी रुग्ण घेतात का, आणि औषध मोफत असले तरी खाट, तपासण्या व रक्त यांचा खर्च कोण करणार, हे आधी लिहून घे. अमेरिकेतील मेम्फिसच्या सेंट ज्यूड या बालरुग्णालयाचे नाव तुझ्या कानावर आलेच असेल. ते कुटुंबांकडून उपचाराचे पैसे घेत नाही हे खरे आहे, पण तिथे प्रवेश डॉक्टरांच्या शिफारशीने आणि चालू असलेल्या अभ्यासात मूल बसते की नाही यावर ठरतो. दुसरे मत घेण्यासाठी विमानात बसण्याचीही गरज नाही. टाटा स्मारक रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिड (देशभरातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे) यांच्याशी जोडलेल्या 'नव्या' या सेवेकडे अहवाल पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत मिळते. दुसरे मत मागितल्याने आपले डॉक्टर दुखावतील, ही भीती मनातून काढून टाक.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते. आवाहन पसरू लागले की 'आमच्याकडे या, खात्रीचा उपचार आहे' असे निरोप येऊ लागतात. मेंदूच्या खोडातील गाठीसाठी मेक्सिकोतील मॉन्टेरे येथे जगभरातील कुटुंबे काही वर्षांपूर्वी लोकवर्गणी काढून मुलांना नेत होती. त्या उपचारांचे निकाल तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत तपासणीसाठी कधी मांडले नाहीत, आणि आईबापांची घरेदारे मात्र गेली. ज्या उपचाराचे निकाल प्रसिद्ध झालेले नाहीत त्यासाठी लोकांकडे एक रुपयाही मागू नकोस.

उपचार ठरला की परदेशी रुग्णालयाच्या आंतरराष्ट्रीय रुग्ण विभागाकडून अंदाजपत्रक येईल. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पहिल्या पानावर ठळक अक्षरात एकूण रक्कम असते आणि मागच्या पानावर, बारीक टायपात, ती रक्कम कशाची नाही याची यादी असते: अतिदक्षता विभागातील दिवस, जंतुसंसर्गाचे उपचार, ठरल्यापेक्षा जास्त मुक्काम, आणि अमेरिकेत तर पुष्कळदा डॉक्टरांचे स्वतंत्र बिल. ही यादी घेऊन तुझ्या डॉक्टरांपुढे बस आणि प्रत्येक बाबीपुढे शक्यता लिहून घे. त्यात डॉलरच्या चढउतारासाठी राखीव रक्कम, एका पालकाचा बुडणारा पगार आणि राहण्याचा खर्च मिळव. न्यूयॉर्कमध्ये कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस आहे, तिथे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत जागा मागता येते. व्हिसासाठीही हेच कागद लागतात: उपचार तिकडे का हवेत याचे इथल्या डॉक्टरांचे पत्र, तिकडच्या रुग्णालयाचे खर्च व कालावधी सांगणारे पत्र आणि पैशांची तजवीज असल्याचा पुरावा. म्हणजे आवाहनाची आणि व्हिसाची तयारी एकाच वेळी होते.

पैसा कोणत्या वाटेने फिरेल याचा विचार तुझ्यासारखे लोक शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. तुझ्या वैयक्तिक खात्यावर काहीही घेऊ नकोस. बहीण-मेहुण्यांच्या नावे केवळ याच कामासाठी वेगळे खाते उघडा आणि पहिल्या आठवड्यातच चार्टर्ड अकाउंटंटला भेटा, कारण नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात मिळून ५० हजारांहून अधिक रक्कम व्यक्तीला मिळाली तर आयकराचा प्रश्न उभा राहतो. नोंदणीकृत न्यासामार्फत मदत आली तर त्या प्रश्नातून पुष्कळदा सुटका होते, पण न्यासांना भारताबाहेर खर्च करण्यावर कायद्याची बंधने आहेत. मुख्यमंत्री सहाय्यता निधी किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना यांचा उपयोग इथल्या केमोच्या टप्प्यात होईल, तिकडच्या बिलाला होणार नाही. केटो, मिलाप किंवा इम्पॅक्टगुरू या लोकवर्गणीच्या संकेतस्थळांपैकी कोणाकडे जायचे ते ठरवताना त्यांची वजावट किती, रक्कम किती दिवसांत हाती येते आणि ती थेट रुग्णालयाला जाते का, एवढे विचार. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणगीदाराला आयकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळत नाही, तेव्हा तसे आश्वासन चुकूनही देऊ नकोस.

बाहेर पैसे पाठवताना बँक एका व्यक्तीमागे वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा सांगेल, परंतु वैद्यकीय उपचारांसाठी रुग्णालयाच्या किंवा डॉक्टरांच्या अंदाजपत्रकावर त्याहून अधिकही पाठवता येतात. दहा लाखांपुढील रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा आयकर, घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण ऐनवेळी तेवढी रोकड कमी पडते, म्हणून हिशेबात धर. न्यू जर्सीतल्या तुझ्या चुलत्यांनी आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या त्यांच्या स्नेह्यांनी मदत देऊ केली आहे, असे तू लिहितोस. त्यांच्यापैकी ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्यांचा पैसा भारतात आणायचा म्हटले की परकीय योगदानाचा कायदा आडवा येऊ शकतो. उपचार अमेरिकेत होणार असतील तर त्यांनी तिथेच जमवून तिथल्या रुग्णालयात मुलीच्या खात्यावर थेट भरणे सर्वांत सोपे.

आता तुझ्या मसुद्याविषयी. 'चिमुकलीची मृत्यूशी झुंज' हे शीर्षक काढून टाक. त्याखालचा नाकात नळी असलेला, केस गेलेला, रडवेला फोटोही काढ. या मुलीने मोठे व्हावे म्हणून आपण हे सारे करतो आहोत, आणि मोठी झाल्यावर ती स्वतःचे नाव शोधून हे वाचणार आहे. फोटो आजारापूर्वीचा, झोपाळ्यावरचा दे. शाळा, पत्ता आणि वॉर्डचे नाव देऊ नकोस. मजकूर असा असावा: 'आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला न्यूरोब्लास्टोमा आहे. तिची केमो चालू आहे. पुढच्या टप्प्यात तिला अमुक औषध हवे असून त्याचा खर्च इतका आहे. आम्ही स्वतः इतके उभे केले आहेत, इतके कमी पडतात. डॉक्टरांचे पत्र आणि अंदाजपत्रक सोबत आहे.' स्वतःच्या घरातून किती उभे केले हे लिहायला संकोचू नकोस. बहिणीने दागिने मोडले, मेहुण्यांनी पीएफ काढला, हे लोकांना कळू दे. देणारा आधी तेच पाहतो. आवाहन फिरू लागले की तोच फोटो लावून, क्यूआर कोड बदलून, दुसराच कोणी पैसे गोळा करतो असे प्रकार घडतात. म्हणून प्रत्येक मजकुरात एकच कोड, खातेदाराचे नाव आणि खातरजमेसाठी तुझा क्रमांक ठेव, बहिणीचा नको. फोन तू घ्यायचेस.

मोठ्या देणगीदारांच्या मागे फार धावू नकोस. एका जिल्हा परिषद शाळेतून आलेला लिफाफा मला आठवतो. आत नोटांबरोबर वहीचे फाडलेले पान होते, त्यावर मुलांची नावे आणि पुढे १०, २०, ५ असे आकडे, खाली मुख्याध्यापकांची सही. ते पान आम्ही हिशेबाच्या फायलीत पावतीच्या जागी लावले आणि शाळेला पोच पाठवली. तूही प्रत्येकाला पोच दे, दर पंधरा दिवसांनी जमाखर्च प्रसिद्ध कर, आणि जी गोष्ट मुलीच्या प्रकृतीची आहे ती आईवडील सांगू देतील तेवढीच लिही. लोकांनी पैसे दिले म्हणून मुलीचा प्रत्येक अहवाल त्यांच्या मालकीचा होत नाही.

सर्वांत अवघड भाग मी टाळणार नाही. इंग्लंडमधील एका मुलासाठी २०१६ साली याच आजाराच्या न्यूयॉर्कमधील उपचारांकरिता सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली, आणि निघण्याच्या तयारीत असताना आजार इतका वाढल्याचे दिसले की त्या उपचारांचा उपयोग उरला नाही. असे तुमच्याकडे घडू नये अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. तरीही उपचार बदलले, रक्कम उरली किंवा ती वापरण्याची वेळच आली नाही, तर पैसे कोणाला जातील, हे आवाहनाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेव. टाटा रुग्णालयातील बालरुग्णांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन काम करते, बाहेरगावच्या मुलांच्या निवासासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत. यांपैकी एक नाव बहीण-मेहुण्यांनी आताच, शांतपणे बसून ठरवावे. नंतर, दुःखाच्या किंवा आनंदाच्या भरात, हा निर्णय त्यांच्यावर लादला जाऊ नये.

रविवारचे आवाहन तूर्त थांबव. डॉक्टरांचे पत्र मिळाले की त्याची प्रत आणि नवा मसुदा मला पाठव, मी खुणा करून दुसऱ्या दिवशी परत करते. दरम्यान एमआयबीजी (न्यूरोब्लास्टोमा कुठे पसरला आहे ते दाखवणारा स्कॅन) आणि इतर स्कॅनच्या केवळ छापील अहवालांवर थांबू नकोस, चित्रांच्या सीडीही मागून घे, आणि बायॉप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (गाठीच्या तुकड्याचे मेणात जतन केलेले नमुने) रुग्णालयातून कसे मिळतात याची चौकशी करून ठेव. बाहेरचे कोणतेही रुग्णालय मत देण्याआधी तेच मागेल.

तुझी हितचिंतक