ऑनलाइन बुद्धिबळात घड्याळात वेळ शिल्लक असतानाही ताकीद का येते?

तुमचा प्रश्न असा, की ३० मिनिटांच्या डावात स्वतःची वेळ शिल्लक असताना लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटने 'मुद्दाम वेळ काढू नका' अशा अर्थाची ताकीद का दिली, आणि नेट गेलं तरी बंदी येते का. मी नाशिकला इंदिरानगरात मुलांना बुद्धिबळ शिकवते, पालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

विचार केला म्हणून ताकीद येत नाही. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते लिचेसच्या यंत्राला कळायला मार्ग नाही. त्याला दिसतं ते एवढंच: शेवटच्या चालीनंतर बराच वेळ काहीच आलं नाही आणि घड्याळ नुसतं चालत राहिलं. त्यातून डाव हरलेला असेल, तर संशय बळावतो. हॉलमधल्या स्पर्धेतही वजीर गेल्यावर हाताची घडी घालून वेळ संपेपर्यंत बसणारे महाभाग असतात. पण तिथे माणूस समोर दिसतो, पंच फिरत असतो. ऑनलाइन समोरच्याने वीस मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघायचं का? त्यामुळे ही ताकीद मला योग्यच वाटते. डाव हातातून गेला असेल तर हार मान्य करा आणि पुढचा डाव लावा.

एका डावाने सहसा काही बिघडत नाही. तेच तेच घडत राहिलं, म्हणजे वेळ काढणं, डाव अर्धवट सोडून जाणं, पहिली चालच न करणं, की काही काळ खेळता येत नाही, आणि सवय सुटली नाही तर बंदी लांबत जाते.

नेटचं म्हणाल, तर वीज गेली की तुम्ही चिडून निघून गेलात, हे यंत्राला नेहमी खात्रीने ओळखता येत नाही. थोडा वेळ वाट पाहून ते समोरच्याला विजय किंवा बरोबरी मागायची सोय देतं. चालीगणिक होणारा थोडाफार उशीर लिचेस भरून देतं, पण गेलेलं नेट भरून देता येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा मुलांना मी ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, लावूच देत नाही.

खरी गोम वेळ निवडण्यात आहे. तुम्ही सावकाश खेळणारे दिसता, तर ३०+२० घ्या. ३० मिनिटं आणि प्रत्येक चालीला २० सेकंद वाढीव, म्हणजे ४० चालींत तेरा मिनिटांच्या वर जास्तीची वेळ. (वाढीव वेळ देणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरचं, अर्ज १९८८चा. विश्वविजेताही घड्याळाला वैतागला होता म्हणायचं!) तेवढ्यानेही भागत नसेल तर पत्रव्यवहारी डाव खेळा, तिथे एका चालीला चौदा दिवसांपर्यंत मुदत लावता येते. आमच्या नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीसारखं खेळायचं असेल तर मात्र घड्याळाशी जमवून घ्यावंच लागेल.

आणि डाव चालू असताना दुसऱ्या टॅबवर रील बघू नका. 'विचार करत होतो' म्हणणाऱ्या मुलांपैकी बरीचशी तेच करत असतात, मी मागे उभी राहून पाहिलंय.