थंड सकाळी नवा लॉन मॉवर अडखळत सुरू होतो. तो दुकानात परत करावा का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की ओहायोत घर घेतल्यावर आपण पेट्रोलवर चालणारा, मागून ढकलत न्यायचा नवा मॉवर घेतला. एप्रिलमधल्या चार-पाच अंश सेल्सियसच्या सकाळी चार-पाच वेळा दोरी ओढल्यावर तो सुरू होतो, एकदा बंद पडतो, पुन्हा सुरू केला की मिनिट-दीड मिनिट त्याचा आवाज चढत-उतरत राहतो आणि त्यानंतर मात्र तासभर तो विनातक्रार चालतो. माझ्या मते हा मॉवर परत करू नये. मी गेली सतरा वर्षे मिशिगनमध्ये राहतो आणि अंगणातले गवत स्वतःच कापतो. या काळात तीन मॉवर वापरले, त्यांपैकी पहिल्याची वाट मी माझ्याच हाताने लावली. आपल्या वर्णनातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. इंजिन तापल्यावर जी तक्रार नाहीशी होते, ती बहुतेक वेळा बिघाडाची नसून थंडीची असते.

कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल हवेत मिसळून त्याची वाफ झाली, तरच ते ठिणगीने नीट पेटते. सिलिंडर आणि त्याकडे जाणारा मार्ग गार असला, की त्यातले बरेचसे पेट्रोल थेंबांच्या रूपात भिंतींनाच चिकटून राहते आणि जळण्यासाठी उरलेल्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते. मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘लीन’ होते. चोक हवेची वाट अर्धीमुर्धी अडवून ही तूट भरून काढतो. आपल्या मॉवरला चोकचा दांडा दिसत नाही असे आपण लिहिले आहे, त्या अर्थी त्याला आपोआप उघडणारा चोक असणार. इंजिनाच्या उष्णतेने वळणारी दोन धातूंची पट्टी किंवा मेण भरलेली छोटी नळी ही झडप उघडते. कडक थंडीत ती कधीकधी इंजिन पुरते तापण्याआधीच उघडू लागते आणि नेमक्या त्याच मिनिटभरात आपल्याला तो चढ-उतार ऐकू येतो.

आवाज लयीत चढतो-उतरतो तो गव्हर्नरमुळे. इंजिनाचा वेग मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांच्या आसपास टिकवणे हे त्याचे काम. मिश्रण लीन झाल्याने वेग पडला की तो कार्बोरेटरची झडप उघडतो, वेग प्रमाणाबाहेर वाढला की ती मिटतो, आणि मिश्रण सुधारेपर्यंत ही ओढाताण चालू राहते. नव्या मॉवरमध्ये हे अधिक जाणवण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये जाहीर केलेले धुराचे कडक नियम अशा लहान इंजिनांना २०१२ पासून लागू झाले. त्यामुळे मुळातच कमी पेट्रोल सोडणारी मांडणी कारखान्यातच करून दिलेली असते आणि मिश्रण बदलण्याचा स्क्रू एक तर नसतो किंवा टोपी घालून बंद केलेला असतो. हौसेने ती टोपी काढून स्क्रू फिरवण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतात, ते कृपया करू नका. थंडीतले एक मिनिट वाचवण्याच्या नादात उन्हाळाभर काळा धूर पदरात पडेल.

चोकपेक्षा तेल आणि पेट्रोल या दोन गोष्टींकडे मी अधिक लक्ष द्यायला सांगेन. गावाकडे ज्यांनी खांद्यावरचा टू-स्ट्रोक ग्रासकटर वापरला आहे, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची सवय असते. आपला मॉवर फोर-स्ट्रोक आहे. त्याच्या टाकीत निव्वळ पेट्रोल घालायचे आणि इंजिनाचे तेल वेगळ्या तोंडातून भरायचे. हे तेल साधारण अर्धा लिटरच लागते, त्यामुळे शंभर मिलिलिटरचा फरकही मोठा ठरतो. कमी पडले तर इंजिन झिजते, जास्त झाले तर निळा धूर येतो. तेलपट्टी तपासताना ती पेचात फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते, म्हणून तेवढे एक पान पुस्तिकेतून जरूर वाचा. खोक्यासोबत आलेली बाटली एसएई ३० तेलाची असेल, तर आपल्या त्रासातला काही वाटा त्या तेलाचा असू शकतो. ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ अंश सेल्सियसच्या खाली हे तेल घट्ट होते, दोरी जड लागते आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही. पुस्तिकेची हरकत नसेल तर पुढच्या वेळी थंडीतही पातळ राहणारे १०डब्ल्यू-३० तेल भरावे. ती पुढची वेळही लवकरच येईल, कारण नव्या इंजिनात सुट्या भागांच्या घासणीतून निघालेले धातूचे कण उतरतात आणि बहुतेक पुस्तिका पहिले तेल पाचेक तासांत, त्यानंतरचे दर पन्नास तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायला सांगतात. ‘तेल कधीच बदलू नका’ अशी जाहिरात करणारी इंजिनेही बाजारात आहेत. माझ्याकडे तसे इंजिन असते, तरीही मी ते बदलले असते.

पेट्रोलच्या बाबतीत पंपावरचा एक आकडा फसवतो. इकडे नेहमीचे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे असते आणि काही पंपांवर त्याहून स्वस्त ‘८८’ मिळते. आकडा मोठा म्हणून ते चांगले, असे वाटते, पण त्यात १५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते २००१ नंतरच्या मोटारींसाठी मान्य आहे, मॉवरसाठी नाही. मॉवरची मर्यादा १० टक्के. शिवाय पेट्रोल ताजे हवे. उन्हाळ्यात, १ जून ते १५ सप्टेंबर या काळात, येथे कमी वाफ होणारे पेट्रोल विकावे लागते. आधीच्या घरमालकाने गॅरेजमध्ये ठेवून दिलेल्या कॅनमधले ते जुने पेट्रोल आपण फुकट मिळाले म्हणून एप्रिलच्या थंडीत वापरत असाल, तर मॉवरला दोष देण्यात अर्थ नाही. मी तीस दिवसांत संपेल इतकेच आणतो.

आता माझी चूक. लहानपणी वडिलांची टू-स्ट्रोक स्कूटर थंडीत सुरू झाली नाही, की ते ती एका अंगावर कलंडून पुन्हा किक मारत असत आणि ती हमखास सुरू होई. इथे पहिल्या वसंतात मॉवर हट्टाला पेटला, तेव्हा मीही तो वाट्टेल त्या बाजूला कलंडला. खालच्या तेलकुंडातले तेल एअर फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये उतरले, आणि मॉवर सुरू झाला तेव्हा पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की समोरच्या आजोबांनी घरातून बाहेर येऊन आग लागली का असे विचारले. कागदी फिल्टर धुता येत नसल्याने तो फेकावा लागला. पाते काढण्यासाठी किंवा खालचे गवत खरवडण्यासाठी मॉवर कलंडायचाच झाला, तर एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असा कलंडावा, आणि त्याआधी स्पार्क प्लगची वायर आठवणीने काढावी. पाते हाताने फिरवले तरी इंजिन फिरते, त्यामुळे ही काळजी दिखाऊ नाही.

थंड सकाळी मी मॉवर उंच गवतात सुरू न करता गॅरेजबाहेरच्या फरसबंदीवर सुरू करतो. बहुतेक मॉवरमध्ये पाते इंजिनाच्या दांड्यावरच बसवलेले असते, म्हणून ओल्या गवतात दोरी ओढणे म्हणजे गार इंजिनाबरोबर गवतही ओढणे. हँडलचा लोखंडी दांडा घट्ट दाबून दोरी आधी अडेपर्यंत हळू ओढावी आणि मग एका दमात जोराने. सुरू झाल्यावर दांडा सोडू नये, कारण तो सोडताच इंजिन थांबते. पाते तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे, हा नियम अमेरिकेत १९८२ पासून आहे. एक-दोन मिनिटे नुसते चालू द्यावे आणि आवाज स्थिरावला की गवताकडे वळावे. सहा-सात वेळा ओढूनही सुरू झाला नाही आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, तर आत पेट्रोल साचले आहे असे समजून दहा मिनिटे थांबावे. अधिक जोर लावल्याने प्लग आणखी भिजतो.

ऑक्टोबरअखेर शेवटचे गवत कापल्यावर टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) मिसळलेले ताजे पेट्रोल घालून इंजिन उघड्यावर दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. दुसरा मार्ग म्हणजे टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे. माझा पहिला मॉवर मी यांपैकी काहीही न करता बर्फाच्या पाच महिन्यांसाठी ठेवून दिला आणि वसंतात कार्बोरेटरचे बारीक छिद्र चिकट राळेने बुजलेले सापडले.

मात्र दहा मिनिटे चालल्यावरही आवाज चढत-उतरत राहिला, तापलेले इंजिन मधेच बंद पडू लागले किंवा तेल गळाले, तर ते थंडीचे काम नव्हे. तेव्हा काहीही न उघडता, पावती घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे. तसे झाल्यास इंजिनावर कोरलेला मॉडेल क्रमांक, भरलेल्या तेलाचा प्रकार आणि धूर येत असल्यास त्याचा रंग येथे लिहा, म्हणजे अधिक नेमके सांगता येईल.