वडिलांना कानामागचं श्रवणयंत्र घेतलं, पण ते लावतच नाहीत. यंत्र कसं वापरायचं आणि कसं जपायचं?

तुमचा प्रश्न वाचून मला मशीन लावल्यानंतरचे माझे पहिले दोन महिने आठवले. तुमचे वडील ७२ वर्षांचे, राहायला दापोलीला, एका कानाला कानामागचं मशीन, आणि तक्रारी तीन: नुसता गोंगाट होतो, लावलं की शिट्टी वाजते, सेल चार दिवसांत संपतो. म्हणून मशीन कपाटात. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. वडिलांना हट्टी ठरवू नका, एवढं आधी सांगते.

मी चिपळूणला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. गेली १२ वर्षं दोन्ही कानांना मशीन आहे. माझे कान हळूहळू गेले, आणि सगळ्यात आधी गेला तो 'स'. समोरचा 'सात हजार' म्हणाला की 'आठ हजार', मला कळेना. मी खातेदारांना आकडा कागदावर लिहायला सांगायचे. बोलण्यातले स्वर दणकट असतात, ते पोचतात. स, श, फ, क हे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले. वयामुळे किंवा नस कमजोर झाल्याने कान जातात तेव्हा बहुधा हेच आधी जातात. घरात ताक, ताट आणि तास हे तिन्ही शब्द मला 'ता' एवढेच ऐकू यायचे. 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' असं वयस्कर माणसं म्हणतात ते यामुळेच. अशा माणसाशी ओरडून बोललं तर 'ता' तेवढा मोठा होतो, 'क' हरवलेलाच राहतो. नीट जुळवलेलं मशीन जी पट्टी गेली आहे तिथेच जास्त जोर देतं, म्हणून ते लावायचं.

आता गोंगाटाचं. मशीन लावून घरी आले त्या संध्याकाळी नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि मी दचकले. पंखा, शेजारचा मिक्सर, स्वतःच्याच चपला, सगळं एकदम अंगावर आलं. चांगलं ऐकणाऱ्या माणसाचा मेंदू हे आवाज दिवसभर बाजूला टाकत असतो, त्याला ते जाणवतही नाही. ज्याने कित्येक वर्षं ते ऐकलेच नाहीत त्याची ती सवय मोडलेली असते. ती परत लागायला काही आठवडे जातात, काहींना तीन-चार महिने. चष्मा लावला की त्याच क्षणी दिसतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मशीनचंही तसंच असेल. दुकानात मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मी महिनाभर मशीन डब्यात ठेवून रडत बसले. म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या आठवड्यात सकाळी तास-दोन तास, घरातच, टीव्ही बंद ठेवून, एकाच माणसाशी बोलायचं. वडिलांना रोज दहा मिनिटं मोठ्याने पेपर वाचायला सांगा. सुरुवातीला स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, कारण कानाचं तोंड बंद झालेलं असतं. वाचण्याने त्याची सवय होते. तरीही तो फारच घुमत राहिला तर मोल्डला, म्हणजे कानात बसणाऱ्या तुकड्याला, हवेचं बारीक छिद्र ठेवता येतं का, ते विचारायचं. दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवायचा, स्वयंपाकघरात बसायचं. मग बाजार, मग देऊळ. लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी. तिथे तर चांगल्या कानांचे लोकही अर्धं ओठांवरूनच ओळखत असतात.

आणि एक वही करा. 'भांडी घासताना आवाज टोचतो', 'नातीचं बोलणं कळत नाही, मुलाचं कळतं', 'रिक्षात काहीच कळत नाही', असं तारखेसकट लिहायचं. मी ही वही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेले तेव्हा तिने मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि पंधरा मिनिटांत भांड्यांची टोच कमी करून दिली. त्याआधी मी नुसतं 'बरोबर वाटत नाही' म्हणत होते आणि कुणी आवाज वाढवून देत होतं, कुणी कमी. पहिल्या काही महिन्यांत असं तीन-चार वेळा जुळवून घ्यावंच लागतं. त्याचे पैसे मशीनच्या किमतीतच धरलेले असतात का, ते बिल काढून बघा. जिथून घेतलं तिथे नीट लक्ष देत नसतील तर दुसरीकडे जा. मुंबईला येणं-जाणं असेल तर वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ पासूनची ही केंद्र सरकारची संस्था, तिथे कान तपासण्यापासून मोल्डपर्यंत सगळं होतं.

शिट्टी. मशीनमधून कानात गेलेला आवाज फटीतून बाहेर येतो, परत माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो, तीच शिट्टी. आवाज कुठून गळतो आहे ते घरीच शोधता येतं. मशीन चालू ठेवून हातात घ्या आणि मोल्डचं कानात जाणारं भोक बोटाने घट्ट दाबा. शिट्टी थांबली, तर मशीन आणि नळी ठीक आहेत. मोल्ड कानात नीट बसत नाही किंवा कानात मळ आहे. शिट्टी चालूच राहिली, तर नळीला चीर गेली आहे किंवा हुक, म्हणजे नळी मशीनला जोडणारा वळलेला तुकडा, ढिला झाला आहे.

तुमच्या वडिलांना कानाचा साचा घेऊन बनवलेला मोल्ड दिला आहे, की मऊ रबराची तयार टोपी? मला एका दुकानदाराने पहिल्यांदा तयार टोपीच दिली होती, मधल्या मापाची, 'सगळ्यांना बसते' म्हणून. ज्यांना थोडंच कमी ऐकू येतं त्यांना ती चालूनही जाते. माझं मशीन जास्त ताकदीचं, ते जेवताना जबडा हलला की शिट्टी मारायचं. साचा घ्यायला फार काही लागत नाही. आधी कानाच्या डॉक्टरकडून मळ काढून घ्यायचा, मग ऑडिओलॉजिस्ट आत स्पंजचा बारीक गोळा ठेवून पेस्ट भरतात, पाच-दहा मिनिटांत ती घट्ट होते, काढून लॅबला पाठवतात. घरी मात्र कानात कापसाची काडी घालू देऊ नका, तिने मळ आत ढकलला जातो.

मोल्ड लावायची पद्धतही एकदा शेजारी बसून शिकवा. डाव्या कानाला लावायचा असेल तर डाव्या हाताने मोल्ड धरायचा, उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची वरची कड वर आणि थोडी मागे ओढायची. मोल्डचं टोक आत सरकवायचं, मग वरचा वळलेला भाग कानाच्या घडीत अंगठ्याने दाबायचा. तो भाग बाहेर राहिला की शिट्टी येणारच. मशीनवर लाल खूण असते ती उजव्या कानाची, निळी डाव्याची. चष्मा असेल तर आधी चष्मा, मग मशीन.

सेलबद्दल आता. पाठीमागे नारिंगी स्टिकर असेल तर तो १३ नंबरचा, निळा असेल तर ६७५. हे झिंक-एअर सेल असतात. त्यांच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात आणि हवा आत गेली की ते काम करतात. म्हणून स्टिकर काढल्यावर लगेच सेलच्या कप्प्याचं झाकण लावायचं नाही, दोन-तीन मिनिटं सेल तसाच उघडा ठेवायचा. स्टिकर एकदा काढला की सेल सुरू झाला. परत चिकटवून तो वाचत नाही. सेलची चार पाकिटं एकदम आणून ठेवू नका, तारीख बघून एकेक आणा. फ्रिजमध्येही ठेवायचे नाहीत, बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं. दिवसभर लावणाऱ्याला १३ नंबरचा सेल साधारण एक ते दोन आठवडे जातो. तुमच्याकडे चार दिवसांत संपतो, तर बहुतेक रात्री झाकण बंद राहतं आणि मशीन कपाटात चालूच असतं. झाकण उघडलं की मशीन बंद होतं, एवढं लक्षात ठेवायचं. झाकण उघडून ठेवूनही सेल आठवडाभर गेला नाही तर मशीन दाखवून आणा.

घरात लहान मुलं असतील तर सेल त्यांच्या हाताला लागता कामा नये. बटणासारखा सेल गिळला तर अन्ननलिका भाजू शकते. वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि कुत्रा असेल तर मशीन टेबलावर उघडं ठेवू नका, कानाच्या वासाने कुत्री ते चावतात.

कोकणात मशीनचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. माझं पहिलं मशीन पहिल्याच पावसाळ्यात गेलं. मी ते रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे. ऑगस्टमध्ये आवाज खरखरायला लागला, झाकण उघडलं तर सेलच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. दुरुस्तीला तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे मी पुन्हा आकडे कागदावर लिहून घेत होते.

तेव्हापासून एक नियम. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे, त्यावर कापडाचा तुकडा, त्यावर मशीन, सेलचं झाकण उघडं. सेल काढून डबीच्या बाहेर ठेवायचा, नाहीतर दाणे त्याच्यातलाही ओलावा ओढतात. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात, पण रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या, त्यांचाही रंग बदलतो. तांदळाच्या डब्यात मशीन ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. नका ठेवू, तांदळाची पूड माईकच्या भोकात जाते. उन्हात, गॅसजवळ किंवा केस वाळवायच्या मशीनने तर कधीच वाळवायचं नाही. चार्जिंगवालं मशीन असेल तर आधी कोरडं पुसून मग चार्जरमध्ये.

दुसरा ओलावा कानातून येतो. कानातली गरम हवा नळीत थंड होते आणि पाण्याचा थेंब बनतो. नळी उजेडाकडे धरली की तो मण्यासारखा अडकलेला दिसतो. तेवढ्या थेंबाने आवाज बंद पडतो आणि लोक मशीन बिघडलं म्हणतात. रबरी फुग्याचा छोटा ब्लोअर मिळतो. नळी हुकपासून सोडवायची, ब्लोअरचं टोक लावून दोन-तीनदा दाबायचं, थेंब उडून जातो. तोंडाने फुंकायचं नाही, त्यात वाफ असते.

मोल्ड मात्र धुवायचाच. आठवड्यातून एकदा, नळीसकट मशीनपासून सोडवून, कोमट पाणी आणि साध्या साबणाने. भोकातला मळ मशीनसोबत मिळालेल्या तारेने काढायचा, ब्लोअर मारायचा, रात्रभर वाळू द्यायचा. मशीनला पाण्याचा किंवा स्पिरिटचा हात लावायचा नाही, कोरडं मऊ फडकं पुरतं. नळी पिवळी आणि कडक झाली की बदलायची, साधारण तीन ते सहा महिन्यांनी. काम पाच मिनिटांचं आणि खर्च थोडा, पण लोक वर्षानुवर्षं तीच नळी वापरतात आणि शिट्टीचा दोष मशीनला देतात.

अंघोळ, तेल लावणं, दाढी-कटिंग आणि एमआरआय, या वेळी मशीन काढून ठेवायचं. केस आणि कान कोरडे झाल्याशिवाय परत लावायचं नाही.

फोन कानाच्या भोकावर धरला तर काही ऐकू येत नाही, कारण माईक कानाच्या वर, मागे असतो. फोन थोडा वर सरकवून माईकजवळ न्यायचा. माझ्या आईलाही मशीन आहे, तिला हे कळायला मला तिच्या हाताला धरून फोन हलवावा लागला. आणि भावाचं 'आई, जेवलीस का?' तिला त्या दिवशी स्पष्ट ऐकू आलं.

घरच्यांनाही थोडं करावं लागेल. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आधी 'बाबा' म्हणा, त्यांनी बघितलं की बोला. ओरडू नका, सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला: 'ताक हवं का' कळलं नाही तर 'जेवणाबरोबर ताक देऊ का पाणी'. आणि 'जाऊ दे, काही नाही' हे कधीही म्हणू नका. मला आजही कुणी तसं म्हटलं की मशीन काढून ठेवावंसं वाटतं.

उद्या सकाळी एवढंच करा. मशीन कपाटातून काढा, नवा सेल घाला, मूठ मिटून आत धरा. मुठीत शिट्टी आली तर ते चालू आहे. (काही नवी मशीनं शिट्टी स्वतःच दाबतात, तेव्हा कानाला लावूनच बघा.) मग मोल्डचं भोक बोटाने दाबून वर सांगितलेली तपासणी करा, जे कळेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि वही घेऊन वडिलांसोबत स्वतः जा. त्यांना एकट्याला पाठवू नका. तिथे ऑडिओलॉजिस्ट काय सांगते आहे, ते त्यांना अजून नीट ऐकू येणार नाही.