केमोनंतर आईच्या पांढऱ्या पेशी १८०० आल्यात, काय करू?

तुम्ही लिहिलंय की आईच्या दुसऱ्या केमोला दहा दिवस झालेत, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी १८०० आल्यात, आणि पपई-किवी दिली तर त्या वाढतील का.

फळांनी नाही वाढत. रक्तपेशी हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत तयार होतात, आणि केमोने तिचं काम मंदावतं. बऱ्याच औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसात आकडा तळाला जातो, मग हळूहळू वर येतो. तुम्ही आत्ता नेमक्या त्याच दिवसांत आहात.

नुसत्या १८०० वर जाऊ नका. त्याच रिपोर्टात खाली न्यूट्रोफिल्सचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे टक्के असतात. ते २५ असतील, तर १८०० चे २५ टक्के म्हणजे ४५०. खरा आकडा हा. तो ५०० च्या खाली असला की संसर्गाचा धोका फार वाढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ताप. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून तोंडात डिजिटल थर्मामीटर लावा. एकदा जरी १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी थंडी भरून आली, दम लागला किंवा आई गुंगीत वाटली, तरीही निघा. आधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. पू व्हायलासुद्धा न्यूट्रोफिल्सच लागतात, त्यामुळे सुई टोचलेल्या जागी सूज किंवा पू दिसेलच असं नाही. अनेकदा ताप ही एकच खूण असते.

पोचल्यावर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. तुम्ही डोंबिवलीला राहता. पावसात परळजवळ हिंदमाताला पाणी तुंबलं तर परळचं हॉस्पिटल गाठणं कठीण, म्हणून जवळचं कुठलं हॉस्पिटल चालेल ते डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. फाइल, केमोची तारीख आणि औषधांची नावं एका पिशवीत दाराजवळ ठेवा. कॅज्युअल्टीत शिरताच सांगा, ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’ नंबर लावून बसू नका.

घरात ताजं शिजवलेलं गरम जेवण आणि उकळलेलं पाणी द्या. बाहेरची चटणी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं बंद. पपई द्यायचीच तर धुऊन, घरी सोलून. गुळवेलीचा काढा स्वतःहून सुरू करू नका. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध अजिबात नको.

पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम इंजेक्शन असतं, पण ते प्रत्येकाला लागत नाही. दिलंच, तर फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. त्यानंतर कंबर, हाडं दुखतात. तेव्हाही डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक देऊ नका, कारण त्याने तापही झाकला जातो.