त्याच आठ ओळी, अकरा ठिकाणी

नाशिक, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझ्या अकराही शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडच्या त्या याद्या, वाचून काढल्या. चालतात सगळ्या, तक्रार ती नाही. पण ‘बदल तसेच पडलेत, आधी कमिट कर’ (गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, नोंदव) असं बजावणाऱ्या त्याच आठ ओळी अकरा ठिकाणी आहेत, आणि दोन ठिकाणी त्या आता ‘त्याच’ उरलेल्या नाहीत. एकीत तू स्टेज केलेले, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेले, बदल तपासायलाच विसरलास. कॉपी-पेस्टचं हेच होतं. दुरुस्ती एका फाइलमध्ये होते, बाकीच्या दहा जुन्याच आजारात राहतात.

गोदावरीला पूर आला की आपण काय विचारतो? गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं पाणी? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पंचवटीतला असो की सिडकोतला, माप एकच. उद्या जो तो आपापल्या घराच्या पायरीवरून पूर मोजायला लागला, तर धरणातून किती पाणी सुटलं यावर गप्पासुद्धा धड व्हायच्या नाहीत.

माप एकाच ठिकाणी हवं, गिटवाल्यांना हे २००५ मध्येच कळलं होतं. तेव्हा गिटच्या बऱ्याच कमांड शेल स्क्रिप्टच होत्या, आणि सगळ्यांना लागणारं सामान त्यांनी ‘गिट-एसएच-सेटअप’ नावाच्या फाइलमध्ये ठेवलं. पुढे त्यांतल्या रिबेस २०१८ मध्ये आणि स्टॅश २०१९ मध्ये सी भाषेत गेल्या, पण फिल्टर-ब्रँच ही कमांड अजून याच फाइलवर चालते. ‘गिट’ला ‘एक्झेक-पाथ’ विचार, ती फाइल असलेलं फोल्डर सापडेल. एका चहात वाचून होते. त्यात झाड, म्हणजे तुझं कामाचं फोल्डर, स्वच्छ आहे का बघणारं फंक्शन पाहा: स्टेज न केलेले बदल वेगळे तपासतं, स्टेज केलेले वेगळे, आणि अनट्रॅक्ड, म्हणजे गिटला अजून न सोपवलेल्या, फाइलींच्या वाटेला जात नाही. माझी आवडती ओळ मात्र सुरुवातीची आहे, ‘सीडीपाथ’ (फोल्डर बदलणारी ‘सीडी’ कमांड जिथे शोधते त्या जागांची यादी) पुसून टाकणारी. एखाद्याने आपल्या सोयीसाठी तो सेट केलेला असतो आणि तुझा साधा ‘सीडी’ भलत्याच फोल्डरात जाऊन उभा राहतो. अशी ओळ कोणीतरी ठेच खाल्ल्यावरच लिहितो.

ठेचेवरून आठवलं. अंबडमध्ये नोकरीला होतो तेव्हा मी स्वतःचं ‘डाय’ लिहिलं होतं, म्हणजे संदेश छापा आणि बाहेर पडा. संदेश एरर आउटपुटवर, म्हणजे चुकांच्या वेगळ्या वाटेवर, जायला हवा, मी साध्या आउटपुटवर टाकला. रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये डॉलर-कंसात, म्हणजे छापलेलं थेट मूल्य म्हणून घेणाऱ्या खुणेत, फंक्शन चालवून टॅगचं (आवृत्तीच्या खुणेचं) नाव घेतलं होतं. एके दिवशी टॅगच नव्हता. ‘डाय’ने ‘नो टॅग’ छापलं आणि बाहेर पडलं, पण बाहेर पडलं ते फक्त सबशेलमधून, म्हणजे कंसासाठी उघडलेल्या वेगळ्या शेलमधून! मूळ स्क्रिप्ट पुढे चालूच, आणि तिच्या हातात टॅगचं नाव म्हणून ‘नो टॅग’. अवतरणचिन्हंही विसरलो होतो, त्यामुळे सर्व्हरवर दोन फोल्डर तयार झाले: एक ‘नो’, एक ‘टॅग’. टीमने महिनाभर मला त्याच नावाने हाक मारली.

संदेश एरर आउटपुटवर नेलास तरी अर्धंच काम होतं. डॉलर-कंसाच्या पुढे दोन उभ्या रेघा (म्हणजे ‘नाही जमलं तर’) देऊन ‘एक्झिट’ लिहायलाच लागतं. त्यातही ‘लोकल’ (फंक्शनपुरतं नाव ठरवणारी कमांड) आणि मूल्य एकाच ओळीत लिहू नकोस. ‘लोकल’ स्वतः यशस्वी होतं आणि आतलं अपयश गिळून टाकतं. आधी ‘लोकल’, पुढच्या ओळीत मूल्य.

सामायिक फाइल आत घेताना ‘सोर्स’ नको, टिंब वापर. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश नावाचं साधं शेल, त्याला ‘सोर्स’ कळत नाही. शिवाय टिंबाने घेतलेली फाइल तुझ्याच शेलमध्ये चालते, तिच्यातलं ‘एक्झिट’ तुलाच घेऊन बुडतं. म्हणून त्या फाइलमध्ये नुसती फंक्शनं ठेव, लोड होताना काही करू देऊ नकोस. गिटची फाइल लोड होतानाच रेपो, म्हणजे गिटच्या नोंदींचा साठा, शोधते. ते त्यांना परवडतं, आपल्याला नाही.

आणि दिसेल ते तिच्यात कोंबू नकोस. तारखेचं ते फंक्शन एकाच स्क्रिप्टला लागतं, ते तिथेच बरं आहे.

सोमवारी फक्त ‘डाय’ आणि त्या आठ ओळी हलव. एक स्क्रिप्ट, एक कमिट. प्रत्येक वेळी मुद्दाम एक फाइल बिघडवून बघ, स्क्रिप्ट थांबते का ते. बॅकअपच्या स्क्रिप्टला मात्र मी येईपर्यंत हात लावू नकोस. द्वारका चौकात अडकलो नाही तर साडेदहाला पोचतो.

तुझा,
शेजारच्या टेबलावरचा काका